टाकू नये

या, जरा पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकलेल्यांनीसुद्धा या. कीर्तनात मागं बसणारा माणूस निम्मं ऐकतो आणि उरलेलं निम्मं शेजाऱ्याला स्वतःच्या मनानं सांगतो, हे मी आयुष्यभर पाहत आलोय. तुम्हाला रानातल्या एका फुलाची गोष्ट सांगतो, बी मातीत पडल्यापासून ते फूल उमलेपर्यंतच्या तीन वर्षांची. त्या तीन वर्षांत कोण कोणाला हसलं तेही सांगतो. हसणं पुष्कळ आहे हिच्यात, पण त्यातलं चांगलं फार थोडं, एवढं आधीच कानावर घालतो.

शिरूर तालुक्यात मांडवगण फराट्याला साखरबाई राहते. वय आता एकोणऐंशी. नवरा जाऊन तीस वर्षं झाली, मूलबाळ नाही, पुतण्याच्या घरात मागल्या खोलीत तिची वळकटी, टाळ आणि एक पितळी डबा. पंचक्रोशीत कुठंही हरिनाम सप्ताह बसला की साखरबाई पहिल्या रांगेत. देवाधर्माची म्हणावी तर जीभ कात्रीसारखी. एका बुवांनी दृष्टांत सांगताना मधेच मोबाईलात डोकावलं, तर शेजारणीच्या कानात सांगितल्यासारखं करून तिनं सात रांगांना ऐकवलं की ह्यांच्या देवाला रेंज लागती. माणसांवर तिचा फारसा विश्वास नव्हता. देवावर होता, आणि रानातल्या एका वेलावर होता.

तो वेल कळलावीचा. नावावर जाऊ नका. ओढ्याकाठच्या करंजांच्या गर्दीत, जिथं भर दुपारीसुद्धा ऊन चिल्लर सांडल्यासारखं पडतं, तिथं तो आपला आपण यायचा. पानाच्या टोकानं शेजारच्या झुडपाचं बोट धरून वर चढायचा आणि भाद्रपदात लाल-पिवळ्या, वर वळलेल्या पाकळ्यांची फुलं धरायचा. विषारी आहे, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. पण ह्या घरचा कुळाचार असा की थोरल्या गौरीच्या हातात हेच फूल द्यायचं. साखरबाई नांदायला आली तेव्हापासून फूल आणायचं काम तिचं, आणि फूल दिल्यावर गौरीपुढं पहिलं गाणं म्हणायचं तेही तिचंच. ते गाणं तिला सासूनं शिकवलेलं, दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. गावातल्या बाया मुद्दाम ऐकायला यायच्या. बाकी वर्षभर तिला कोणी काही म्हण म्हणून सांगत नसे.

पुतण्या पोपटराव. अठरा एकर ऊस, सोसायटीवर संचालक, अंगावर इतकी कडक इस्त्री की बसताना कपड्यांची परवानगी घ्यावी लागे. साखरबाईच्या मते पोपटला सावली म्हणजे वाया गेलेली जमीन वाटायची. त्यानं ते सिद्धही केलं. एका दिवाळीनंतर जेसीबी आणला आणि दोन दिवसांत ओढ्याकाठची करंजं, घाणेरी, बोरी सगळं सपाट. उसाच्या चार सऱ्या जास्त बसल्या आणि पोपटराव आठवडाभर असा हिंडला, जणू ह्यानं समुद्र मागं सारलाय.

साखरबाई त्या जेसीबीच्या पुढं पुढं वाकून चालली होती. ड्रायव्हर बिहारकडचा. तो बिचारा माताजी, हटिए, म्हणत राहिला आणि माताजी वाळलेल्या शेंगा ओच्यात भरत राहिली. कंद सगळे लोखंडी दातांखाली गेले. हाती लागलं ते शेंगांतलं बी, डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल-केशरी. ते तिनं चिंधीत बांधलं. उलथलेल्या करंजांखालची काळी, कुजलेल्या पाल्याची माती दोन पाट्या भरून डोक्यावरनं घरी आणली. पोपटराव ओट्यावरून बघत होता. अठरा एकर जमीन असताना काकी माती आणायला रानात जाते, हे त्यानं चहा पिता पिता चार जणांना सांगितलं आणि चौघं हसले. पोपटरावाच्या ओट्यावर चहा पिणारे त्याच्या गोष्टीला हसत नाहीत, असं अजून झालेलं नाही.

ज्येष्ठात साखरबाईनं बी काढलं. दोन दिवस पाण्यात भिजत घातलं. गोठ्यामागं कडुनिंबाच्या दाट सावलीत, तळाला भोक पडलेल्या जुन्या डेऱ्यात ती रानातली माती भरली, बी बोटाच्या एका पेरावर टोचलं आणि वरून वाळका पाला पांघरला. रोज सकाळी ओंजळीनं पाणी शिंपडायचं, तांब्यानं ओतायचं नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. रानात वेल कसा येतो ते तिनं पन्नास वर्षं पाहिलं होतं.

तेव्हा तिच्या मागं सुलक्षणा येऊन उभी राहिली. सुलक्षणा म्हणजे पोपटरावाची सून, विक्रमची बायको. कुरकुंभच्या एका औषधाच्या कारखान्यात जायची. तिथं तिला नमुन्यांच्या खोलीत काम होतं. निघालेल्या प्रत्येक मालातला थोडा बाजूला काढायचा, त्यावर नंबर आणि तारीख चिकटवायची, आणि लिहिलेली मुदत संपेपर्यंत तो कोणालाही टाकू द्यायचा नाही. साखरबाईला हे काम समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "म्हंजी न विकलेल्या गोळ्या राखायच्या. शेळ्या राखणाऱ्याला निदान दूध तरी मिळतं." आणि पोरीला सवयच लागलेली. लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी, मसाल्याच्या डब्यावर चिठ्ठी, पापडांवर तारीख. साखरबाई येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, बघा, आमच्याकडं मिरचीलासुद्धा हजेरी असते.

तर ती सुलक्षणा म्हणाली की आजी, त्यातलं थोडं मला द्या. साखरबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. प्लॅस्टिकची टोपी घालून दिवस काढणारी ही बाई, हिला बी कुठलं आणि लेंडी कुठली हे तरी कळेल का. तिनं चिंधीतलं चांगलं बी तसंच ठेवलं आणि पाच-सहा सुरकुतलेलं बी निवडून तिच्या हातावर टाकलं.

"घे. आन् ह्याला बी नंबर लाव."

सुलक्षणा हसली, मूठ मिटली आणि गेली. साखरबाई ते विसरून गेली.

विसरण्याचं कारण पोपटराव. त्यालाही बी हवं होतं. एका फुलासाठी काकी एवढं करतात, मी गुंठाभर पीकच घेतो आणि गावातल्या सगळ्या गौरींना वाटतो, असं त्यानं जाहीर केलं आणि मूठभर बी उचललं. मग काय विचारता. उघड्या रानात रोटाव्हेटर फिरला, गादीवाफे निघाले, ठिबक अंथरलं, उसाला घालतात तेवढं खत पडलं. सावलीत उगवणाऱ्या, पालापाचोळा खाऊन जगणाऱ्या बियाला त्यानं भर उन्हात पंगतीला बसवलं आणि उसाचं जेवण वाढलं. पंधरा दिवसांनी गवत आलं. पोपटरावानं तणनाशक मारलं. मग गवतही गेलं. पोपटरावानं सोसायटीत सांगितलं की बियाणं बोगस निघालं. करंजांच्या सावलीत हजार वर्षं न चुकता येणारं बियाणं बोगस, आणि हा अस्सल.

इकडं डेरा रिकामाच होता. महिना गेला, पन्नास दिवस गेले. साखरबाई रोज ओंजळ शिंपडायची आणि गोठ्यात शेण काढायला येणारा गडी दत्ता विचारायचा की मावशी, मातीची तहान भागली का. पाणी भरायला येणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून जायच्या. श्रावण सरता सरता एके सकाळी पाल्यातून तीन हिरवी टोकं वर आली. गवताच्या पात्यापेक्षा बारीक. साखरबाईनं चष्मा पुसून पुन्हा पाहिली आणि मग ओट्यावर जाऊन सांगितलं. पोपटराव उठून बघायला आला, वाकला, आणि म्हणाला की काकींनी दोन महिने खपून हराळी उगवली.

त्या वर्षी थोरल्या गौरीच्या हातात प्लॅस्टिकचं फूल आलं. पोपटरावानं घोडनदीच्या बाजारातून आणलेलं. त्याचं म्हणणं, हे धुता येतं. आरतीला बाया जमल्या, साखरबाईकडं बघू लागल्या. साखरबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं की गौरीच्या हातात खरं फूल पडंल तवा म्हणीन, तोवर माझं तोंड बंद. पोपटराव म्हणाला की मग यंदा शांततेत उरकंल. मंडळी हसली. साखरबाईनं त्या रात्री नीट जेवण केलं नाही. बोलून गेली होती, पण वेलाची रीत तिला ठाऊक होती. बियाचा वेल पहिल्या वर्षी नुसता एक कोंब दाखवतो, फूल द्यायला तीन वर्षं घेतो. तिची होती शहात्तर. फूल आलं नाही तर गाणंही तिच्याबरोबर जाणार, कारण ते दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

अश्विनात तिन्ही पाती पिवळी पडली आणि दिवाळीपर्यंत वाळून गळाली. साखरबाईला त्याचं काही वाटलं नाही. रानातही असंच होतं, वर काही दिसत नाही, खाली हरभऱ्याएवढा कंद झोपतो. तिनं डेऱ्याला हात लावून, लेकराला सांगावं तसं, झोप आता, म्हणून सांगितलं. पाणी बंद केलं. आणि मार्गशीर्षात दौंडच्या बाजूला सप्ताह बसला, तेव्हा निश्चिंत मनानं आठ दिवसांसाठी तिकडं गेली.

काल्याचा प्रसाद पदराला बांधून परतली तर कडुनिंबाखाली डेरा नाही. दत्तजयंतीला पोपटरावाकडं तालुक्याची मंडळी जेवायला येणार होती, म्हणून मागलं अंगण चकाचक केलेलं. डेऱ्यातली माती उकिरड्यावर, उकिरडा ट्रॉलीत, ट्रॉली रानात, आणि रानावरून रोटाव्हेटर. दत्तानं मान खाली घालून हे सांगितलं. साखरबाई तशीच ओट्यावर गेली.

"काकी, त्यात काय नव्हतंच," पोपटराव म्हणाला. "वाळल्यालं गवत व्हतं."

"पोपट, ऊस तोडून नेल्यावर तुझ्या रानात काय दिसतं?"

"काय दिसणार? पाचट."

"मग खोडवा कशाच्या जिवावर ठेवतोस?"

तोडलेल्या उसाचा बुडखा जमिनीत राहतो, त्यातून पुढल्या वर्षी फुकटात पीक येतं, हे ज्याच्या घरात तीन पिढ्या चाललंय त्या माणसाला मातीखाली झोपलेलं काही असतं हे सांगावं लागत होतं. पोपटराव म्हणाला, "आवं, त्यो ऊस हाय."

"व्हय," साखरबाई म्हणाली. "त्याला कारखाना हाय."

एवढं बोलून ती मागल्या खोलीत गेली, आणि खरं सांगतो, त्यानंतर तिची कात्री बोथट झाली. दुसऱ्या वर्षी गौरी आल्या, प्लॅस्टिकचं फूल धुऊन पुन्हा हातात दिलं गेलं, साखरबाई भिंतीशी बसून राहिली. तिला म्हण म्हणून कोणी सांगितलंही नाही. बायांनी टीव्हीवरची गाणी म्हटली. कीर्तनाला ती अजून जायची. तिथं एक बुवा धीर धरण्यावर दीड तास बोलले आणि साखरबाईच्या मनात आलं, ह्यांनी रिकाम्या डेऱ्याला कधी पाणी घातलेलं दिसत नाही. तोंडानं मात्र काही बोलली नाही. सुलक्षणेला तेवढी बोलायची. घरात आता तीच एक अशी होती जिला बोललं तर उलट उत्तर यायचं नाही. चिठ्ठ्या चिकटवून का माणूस सुगरण होतो, असं काहीबाही.

तिसऱ्या वर्षी गौरी आणायच्या दिवशी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, सुलक्षणा डब्याची पिशवी खांद्याला लावून मागल्या खोलीत आली. तिची दुसरी पाळी होती आणि कंपनीची बस दीड वाजता चौकात यायची. ती म्हणाली की आजी, दोन मिनिटं टाकीकडं चला. साखरबाईला वाटलं नळ गळत असेल, आणि सणाच्या दिवशी नळाचं दुखणं म्हातारीला कशाला, असं पुटपुटत ती उठली.

घराच्या उत्तरेला सिमेंटच्या चार खांबांवर पाण्याची टाकी आहे. तिच्याखाली ऊन जात नाही, वरनं थेंब थेंब पाझरतं, म्हणून माणूसही जात नाही. तिथं रंगाची जुनी बादली ठेवलेली. बादलीतून कोंब निघून टाकीच्या शिडीला पानांच्या टोकांनी धरून पुरुषभर वर गेला होता, आणि वर, जिथं शिडी उजेडात निघते तिथं, तीन फुलं. लाल, कडेला पिवळी, पाकळ्या वर वळलेल्या. चौथी कळी अजून हिरवी.

साखरबाई शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. डोळ्यांसमोर बादली होती आणि बादलीवर कारखान्यातल्यासारखी पांढरी चिठ्ठी, वरून पारदर्शक पट्टी लावलेली. नमुना क्रमांक एक. पेरल्याची तारीख. मुदत तीन वर्षं. टाकू नये. आणि त्याखाली पेनानं, नंतर लिहिलेलं: वाळलं तरी टाकू नये.

"हे त्येच? मी टाकलेलं?"

"तेच, आजी. सहातलं एक आलं."

"माती कुठली घातलीस?"

"तुमच्या पाटीतली. उरलेली गोठ्यामागं पडली होती."

साखरबाईनं विचारलं की वाळल्यावर टाकायचं नाही हे हिला कोणी सांगितलं. तर तिनंच सांगितलं होतं. डेऱ्याला झोप म्हणाली तेव्हा सुलक्षणा पलीकडं भांडी घासत होती.

"आन् मला का न्हाई सांगितलंस?"

सुलक्षणेनं खांद्यावरची पिशवी सावरली. "उगवलं नसतं तर तुम्ही हसला असता."

"उगवलं असतं तरी हसले असते," साखरबाई म्हणाली.

डेरा गेला तेव्हा सांगणार होते, असं सुलक्षणा मग म्हणाली. पण त्या वेळी बादलीतलंही वाळलेलं होतं. खाली काही आहे की नाही हे तिलाच कुठं ठाऊक होतं, आणि उकरून बघायचा जीव होत नव्हता. तुम्हाला दुसऱ्यांदा रिकामी माती कशी दाखवायची, म्हणून गप्प बसले. पुढल्या पावसात कोंब आला, पण फूल दिसेपर्यंत सांगायचं नाही असं ठरवलं.

दत्ता गोठ्यातून आला होता. त्याला न बोलवता बोलायची सवय. त्यानं सांगितलं की डेरा उपसला त्याच दिवशी मालक टाकीखालीसुद्धा आले होते. ही बादलीही उचलायला त्यांनी सांगितलं होतं. मग चिठ्ठी दिसली. नंबर दिसला, छापल्यासारखी तारीख दिसली. मालक दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, हात लावू नगंस, कंपनीचा माल हाय, उद्या नोटीस यायची. तेव्हापासून दोन वर्षं मालक ह्या बादलीला वळसा घालून जातात.

साखरबाईला हसू आलं. आधी खांदे हलले, मग दात नसलेलं तोंड उघडलं, आणि ती शिडीला धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. घरातल्या म्हातारीचा शब्द जो माणूस उकिरड्यावर टाकतो तो एका चिकटपट्टीपुढं वाकतो, हे तिला फार दिवसांनी मिळालेलं सुख होतं. हसता हसता मधेच थांबली, कारण त्याच चिठ्ठ्यांना ती स्वतः तीन वर्षं हसली होती. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तोड. देठ धरून तोड, आन् नंतर हात धू."

माजघरात गौरींची मांडामांड अर्धवट होती. थोरलीला मुखवटा लावलेला, धाकटी अजून पिपावर नुसती साडीत. साखरबाईनं सुलक्षणेच्याच हातून फूल थोरलीच्या हातात द्यायला लावलं आणि पाट ओढून समोर बसली. पोपटराव आतून आला. अजून आवाहन व्हायचंय, मंडळी पाच वाजता येणार, ही काय वेळ झाली का, असं त्यानं विचारलं.

"मंडळी दुसऱ्यांदा ऐकतील," साखरबाई म्हणाली. "हिची बस दीडला हाय."

आणि तिनं गाणं धरलं. तीन वर्षांत आवाजाला गंज चढला होता. पहिली ओळ फाटली, दुसरी कशीबशी गेली, तिसरीला सूर जागेवर आला. ऐकायला एक गडी, एक पुतण्या आणि डब्याची पिशवी खांद्याला लावून उभी असलेली सुलक्षणा. चौकातून हॉर्न वाजला. सुलक्षणा आणखी एक कडवं थांबली. हॉर्न पुन्हा वाजला तेव्हा गौरीला हात जोडून पळत गेली.

संध्याकाळी मंडळी आली. साखरबाईनं पुन्हा म्हटलं, आता बायांनी मागं पालुपदही धरलं. फुलाचं सगळ्यांना नवल. पोपटराव सांगत होता की देशी वाण आहे, आमच्याच घरी जपलाय, तीन वर्षं जातीनं लक्ष ठेवून आहे मी.

"व्हय," साखरबाई पाटावरून म्हणाली, "वळसा घालून जपलाय त्यानं." मंडळींना काही कळलं नाही. दत्ताला कळलं, आणि तो पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेला.

यंदाच्या शेंगा साखरबाईच्या पितळी डब्यात आहेत. डब्यावर चिठ्ठी आहे. गाण्याची दोन कडवी सुलक्षणेला आता पाठ आहेत, बाकीची सुट्टीच्या दिवशी चालली आहेत, आणि साखरबाईचं म्हणणं असं की पोरीच्या गळ्यात सूर कमी आणि जिद्द जास्त आहे.

झाली गोष्ट. आता माझं एवढं ऐका. साखरबाईला तुम्ही विसरणार नाही, तिची जीभ विसरू देणार नाही. पण पुढल्या भाद्रपदात तुमच्या गौरीच्या हातात फूल द्याल, तेव्हा क्षणभर मांडवगणच्या सुलक्षणेची आठवण ठेवा. पाच वाजता ते फूल बघायला सगळं गाव जमलं होतं. ती कुरकुंभला, डोक्यावर टोपी घालून, कोणी काही टाकत तर नाही ना, ते बघत बसली होती.